किंमत हा श्रीमंतांचा पीएमपीओ

दिवाळी जवळ आली की घरोघर नव्या स्पीकरचा विषय निघतो आणि त्याच्या मागोमाग तो जुना वादही येतो: महागड्या यंत्रणेचा आवाज खरंच चांगला असतो का? वादाचे दोन तट ठरलेले आहेत. एक म्हणतो, पैसे मोजल्याशिवाय आवाज मिळत नाही आणि ज्याला फरक कळत नाही त्याचा कान तयार नाही. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड आहे. चार हजारांचं आणि चार लाखांचं यंत्र सारखंच वाजतं, बाकी मनाचे खेळ. दोघांकडे उदाहरणं भरपूर आणि दोघांचाही सूर चढलेला. पण घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. घरातलं संगीत ही एकच वस्तू आहे आणि आवाजाचा दर्जा ही एकच शिडी आहे, असं दोघंही धरून चालतात. प्रत्यक्षात ती एक साखळी आहे: मूळ ध्वनिमुद्रण, त्याचं विद्युत संकेतात रूपांतर करणारा डॅक, ॲम्प्लिफायर, वायर, स्पीकर आणि शेवटी खोली. किंमत आणि आवाज यांचं नातं या प्रत्येक कडीत निराळं आहे. स्पीकरमध्ये ते बऱ्याच अंतरापर्यंत टिकतं, इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार लवकर संपतं, वायरमध्ये जवळजवळ नसतंच, आणि ज्या कडीचा परिणाम सगळ्यांत मोठा ती खोली तर ऑडिओच्या दुकानात मिळतच नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की आवाज किती खोल उतरेल आणि न फाटता किती चढेल याचा अंदाज किमतीवरून बांधता येतो. तो किती खरा वाजेल याचा येत नाही.

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॅसेट प्लेअरचे संच विकत घेतले त्यांना खोक्यावरचा 'पीएमपीओ' (पीक म्युझिक पॉवर आउटपुट, म्हणजे क्षणभर मिळू शकणारी म्हणे कमाल ताकद) आठवत असेल. ठळक अक्षरांत १००० वॅट, २००० वॅट. आणि मागचं झाकण उघडलं की आत १२ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर. गुणाकार सोपा आहे. त्या ट्रान्सफॉर्मरमधून सतत १२ वॅटपेक्षा जास्त निघणार नाही, आणि त्यातलाही मोठा वाटा ॲम्पच्या चिपमध्ये उष्णता होऊन जाणार. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य रीतच नव्हती, त्यामुळे आकडा हवा तेवढा फुगवता येई. अमेरिकेत हा तमाशा आधी होऊन गेला होता. तिथल्या कंपन्यांची वॅटची चढाओढ इतकी हाताबाहेर गेली, की १९७४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला: वॅट सांगायचे तर सलग मिळणारे सांगा, किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंपनसंख्येपासून कोणत्या कंपनसंख्येपर्यंत आणि किती विकृती धरून, हेही सांगा. आज पीएमपीओ म्हटलं की सगळे हसतात. पण एका आकड्यावर भिस्त ठेवायची सवय कुठे सुटली? आकडा तेवढा बदलला. पूर्वी खोक्यावरचे वॅट बघून मान डोलायची, आता बिलावरची रक्कम बघून डोलते. या रकमेत आयातशुल्क आहे, जीएसटी आहे, वितरकाचा आणि दुकानदाराचा नफा आहे, वर्षाला दोनशेच नग बनवणाऱ्या कारखान्याचा खर्च आहे, सेंटिमीटरभर जाडीची ॲल्युमिनिअमची दर्शनी पट्टी आहे. तोच डबा लंडनमध्ये एका भावाला आणि पुण्यात त्याहून चढ्या भावाला मिळतो. विमानातून उतरताना त्याचा आवाज सुधारला, असं कोण म्हणेल?

तरीही 'सगळं सारखंच' म्हणणाऱ्यांची बाजू घेता येत नाही, कारण स्पीकर हे यांत्रिक काम आहे आणि तिथे पदार्थविज्ञान उधारी ठेवत नाही. तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली उतरायचं, म्हणजे ८० हर्ट्झवरून ४० वर यायचं, तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. ४० वरून २० वर जायचं तर आणखी चौपट. त्यासाठी मोठा वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा पडदा लागतो, नाहीतर लांब हेलकावे घेणारी कॉइल आणि तिला पुरेल असं जड चुंबक लागतं. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत एआर-१ हा बंद पेटीचा स्पीकर काढला तेव्हा लहान पेटीतून खरा खर्ज मिळाला, पण त्याची किंमत मोजावी लागलीच: त्याला ॲम्पची ताकद जास्त लागायची. आजचा तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर खर्जाचा नुसता आभास देतो. आतला प्रोसेसर हळू आवाजात खर्ज चढवतो आणि आवाज वाढवला की गुपचूप काढून घेतो, म्हणून पूर्ण आवाजावर त्याचा सूर पातळ होतो. स्वस्त टॉवर स्पीकरमध्ये तीन-तीन वूफर दिसतात, पण पेटी बारा मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डची आणि आत एकही आडवी पट्टी नाही. मग पेटीच्या भिंती स्वतःच गाऊ लागतात आणि पुरुषाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो. क्रॉसओव्हर म्हणजे वरचे सूर लहान पडद्याकडे (ट्वीटर) आणि खालचे वूफरकडे वाटून देणारं सर्किट. त्याच्या नावाखाली ट्वीटरला एक कपॅसिटर लावून मोकळे होतात, वूफर वरच्या पट्टीत बेताल ओरडत राहतो. हे दोष मोजता येतात, ऐकू येतात, आणि ते काढायला पैसे लागतात.

प्रश्न असा की, लागणारे पैसे आणि लावलेली किंमत यांचा मेळ बसतो का? कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून वर्षानुवर्षं श्रोत्यांकडून गुण घेतले आणि त्याच स्पीकरची प्रतिध्वनीरहित खोलीत मोजमापं केली. पुढे त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरवरून एक गणिती सूत्र मांडलं. मोजमापांवरून काढलेले गुण आणि श्रोत्यांनी न बघता दिलेले गुण यांच्यातला सहसंबंध ०.८६ निघाला. सूत्रात चारच गोष्टी आहेत: सरळ समोर येणारा आवाज किती सपाट, आजूबाजूला पसरणारा आवाज किती सपाट आणि किती गुळगुळीत उतरता, खर्ज किती खोल. सुमारे ३० टक्के वजन एकट्या खर्जाला. किंमत त्यात कुठेही नाही. महाग स्पीकर अनेकदा जिंकतो तो खर्जामुळे. पण वरची पट्टी वेडीवाकडी असेल, तर तोच महाग स्पीकर पडद्याआड मार खातो. हेडफोनमध्ये खर्जाला मोठी पेटी लागत नाही, म्हणून तिथे किमतीचा हा एक आधारही निसटतो. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची कंपनसंख्यावार मोजमापं किमतीशी ताडून पाहिली. दोन्हींत काहीच संबंध सापडला नाही.

आता ॲम्प्लिफायर. इथे 'कान' तटाचा एक मुद्दा सरळ मान्य करायला हवा: सगळे ॲम्प सारखे वाजत नाहीत. एकेरी व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी), फीडबॅक नसलेल्या ॲम्पचा अंतर्गत रोध ३ ओहम असू शकतो. 'आठ ओहम' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकरचा रोध एका कंपनसंख्येला ४ आणि दुसऱ्या कंपनसंख्येला ३० ओहम असणं नेहमीचं आहे. साधा हिशेब केला तर या जोडीत आवाजाच्या सपाटपणात ४ डेसिबलचा चढउतार येतो, आणि ४ डेसिबल कोणालाही ऐकू येतील. म्हणजे फरक खरा आहे. पण तो ॲम्पने घातलेला रंग आहे आणि स्पीकर बदलला की रंगही बदलतो. दुसरी खरी अडचण ताकदीची. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे १ वॅटवर १ मीटर अंतरावर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरची जोडी १ वॅटवर खोलीत ३ मीटर अंतरावर साधारण ८० डेसिबल देते, जे गप्पांच्या आवाजाहून बरंच मोठं आहे. पण तबल्याची थाप किंवा झांजेचा ठोका सरासरीच्या २० डेसिबल वर उडी मारतो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. सरासरी ७० वर ऐकणाऱ्याला १० वॅट पुरतात, ८० वर ऐकणाऱ्याला १०० लागतात. ५० वॅटचा ॲम्प विकून १०० चा आणला तर मिळतात फक्त ३ डेसिबल. अनेकांना 'मोठ्या ॲम्पची मोकळीक' जाणवते ती यामुळे: आधीचा ॲम्प शिखरांवर फाटत होता.

ही दोन कारणं बाजूला काढली की काय उरतं? जानेवारी १९८७ च्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात एक चाचणी छापून आली होती. २१९ डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्पपर्यंत सहा यंत्रं, आवाजाची पातळी जुळवलेली, कोणतं वाजतंय ते लपवलेलं. निकाल नाणेफेकीएवढा. त्याआधी १९७८ मध्ये एनएडी ३०२० हा २० वॅटचा, दिसायला अगदीच गरीब ॲम्प आला आणि अवघड स्पीकरही निगुतीने चालवून त्याने महागड्यांची झोप उडवली, कारण पैसे दर्शनी पट्टीवर घालण्याऐवजी क्षणिक ताकद देणाऱ्या वीजपुरवठ्यावर घातले होते. डॅकमध्ये तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. मोबाईलला लावायची ॲपलची बोटभर लांबीची अडॅप्टर वायर नऊ डॉलरला मिळते, आणि तिची विकृती व कुरकुर मिळून मूळ आवाजाच्या जवळपास १०० डेसिबल खाली मोजली गेली आहे. सीडीची स्वतःची मर्यादा ९६ च्या आसपास आहे. ॲपलच्या त्या वायरची खरी उणीव वेगळी: व्होल्टेज बेताचं, अमेरिकी आवृत्तीत १ व्होल्ट आणि युरोपीय आवृत्तीत त्याच्या निम्मं, त्यामुळे जड हेडफोन तिच्यावर हळू वाजतात. पण हळू वाजणं म्हणजे वाईट वाजणं नव्हे. आणि दुकानातली अर्धी फसवणूक नेमकी याच दोन गोष्टींच्या सरमिसळीवर चालते.

इथे विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ते म्हणतात, डोळे बांधून घेतलेली चाचणी हाच मुळी वाईट तराजू आहे. तीस सेकंदांचे तुकडे, परीक्षेचं दडपण, अनोळखी खोली. बारीक फरक जाणवायला आठवडे लागतात. या आक्षेपात तथ्य आहे, आणि इतिहासही त्यांच्या बाजूने एक साक्ष देतो. १९१५ पासून दहा वर्षं एडिसनच्या कंपनीने अमेरिकेतल्या गावोगावी 'टोन टेस्ट' घेतल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ, दिवे मालवायचे, आणि प्रेक्षकांनी ओळखायचं की आत्ता कोण गातंय. ओळखता येत नव्हतं म्हणे. पुढे ॲना केस या गायिकेने सांगितलं, की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असे. अंधार केला म्हणून चाचणी प्रामाणिक होत नाही, एवढं यातून नक्की कळतं. आणखी एक कबुली: सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या ध्वनिमुद्रणांवर झालेल्या अनेक चाचण्यांचे आकडे जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते नाणेफेकीपेक्षा वेगळं आहे, आणि सराव दिलेल्या श्रोत्यांचं आणखी थोडं वर जातं. म्हणजे शून्य नाही.

पण मग त्या आक्षेपाचा शेवट कुठे होतो ते पाहा. जो फरक ओळखायला सराव, शांतता आणि शेकडो प्रयत्न लागतात, तो 'जमीन-अस्मानाचा फरक' कसा? दुकानात पाचव्या सेकंदाला 'वा, पडदाच बाजूला झाला' म्हणणाऱ्याला आठवडे लागत नाहीत; लेबल झाकलं की मात्र लागतात. मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये उच्च तपशिलाच्या आवाजाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा अडसर घालून फरक ओळखता येतो का हे ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं २७६. आणि 'सावकाश, घरी बसून, मनासारखं ऐकू द्या' ही मागणी तर एकदा आपसूकच पुरी झाली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्या निखळ ॲनालॉग म्हणून नावाजल्या जात. २०२२ मध्ये उघड झालं, की २०११ पासून त्यांतल्या पुष्कळ तबकड्या मधल्या टप्प्यावर डिजिटल झाल्या होत्या. अकरा वर्षं, आपापल्या खोलीत, आपापल्या यंत्रांवर, कोणत्याही दडपणाविना जगभरचे तयार कान त्या ऐकत होते. त्या कानांना कळलं नाही. तबकड्यांच्या एका दुकानदाराने ते बाहेर काढलं, आणि कंपनीच्या अभियंत्यांनी कबूल केलं.

उघड्या डोळ्यांनी काय होतं याचीही मोजदाद झाली आहे. १९९४ मध्ये टूल आणि ऑलिव्ह यांनी हरमन या स्पीकर बनवणाऱ्या आपल्या कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर ठेवून ऐकवले. त्यात एक संच छोटा, स्वस्त, प्लॅस्टिकचा होता. पडद्याआड तो मोठ्या देखण्या स्पीकरच्या पंगतीत बसत होता. पडदा काढल्यावर त्याचे गुण घसरले. स्पीकरची खोलीतली जागा बदलल्याने आवाजात जो खरा फरक पडत होता, तोही डोळे उघडे असताना श्रोत्यांना जाणवेनासा झाला. म्हणजे डोळे नसलेला फरक तर दाखवतातच, शिवाय असलेला फरक लपवतातही. ज्यांना आपल्या कानाचा अभिमान आहे, त्यांना तरी हे दुसरं खटकायला हवं.

एक दाखला नेहमी दिला जातो: तंबोऱ्याला पैसे मोजावे लागतात तसे यंत्रालाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथल्या कारागिराच्या जवारीला मोल आहे हे कोण नाकारेल? पण वाद्य आवाज घडवतं, यंत्राने तो वाहून आणायचा असतो. जवारीचा धागा सरकवला की तंबोरा निराळा बोलतो, ती त्याची कला. स्पीकरने आपल्या मर्जीने जवारी लावली तर तो दोष. शिवाय वाद्यांतही किमतीची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिनं दिली होती, तीन नवी आणि तीन जुनी इटालियन, त्यातली दोन स्ट्रॅडिव्हारीची. बहुतेकांनी पसंत केलं ते नवं व्हायोलिन, आणि सर्वांत नावडती ठरली एक स्ट्रॅडिव्हारी. मिरजेत जाणता गायक भोपळ्याच्या नक्षीकडे न बघता तार छेडून बघतो. ऑडिओच्या दुकानात मात्र नक्षीच आधी दाखवतात.

वायरवर फार शाई खर्च करायची गरज नाही. ५ मीटर लांब, दीड एमएमच्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.११ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरवर तोटा एक दशांश डेसिबलच्या आसपास. अडीच एमएम घेतली तर ०.०७. स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत राहा, एवढा नियम पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळणारी दोन पदरी अडीच एमएम मऊ वायर घ्या, तांबंच आहे ना हे खरवडून बघा, कारण तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअमही तांबं म्हणून खपवतात आणि त्याचा रोध दीडपटीपेक्षा जास्त असतो. टोकाचे सुटे केस एकमेकांना टेकणार नाहीत हे पाहा. ॲम्प जळतात ते याने. साप जाडीच्या, जाळीदार कापडात गुंडाळलेल्या केबलचा विषय इथे संपला.

खरा विषय खोली. २५०-३०० हर्ट्झच्या खाली आपण ऐकतो तो स्पीकर कमी आणि खोली जास्त. समोरासमोरच्या दोन भिंतींत आवाजाची लाट अडकते, तिची पहिली कंपनसंख्या म्हणजे आवाजाचा वेग भागिले अंतराची दुप्पट. १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६, आणि त्यांच्या दुपटीला ९४ आणि ११२. आपल्याकडची १२ बाय १० ची खोली, छतही दहा फुटांच्या आसपास: म्हणजे ५६ आणि ११२ वर रुंदी आणि उंची मिळून दुहेरी घुमणार. वर विटांच्या किंवा काँक्रिटच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड फरशी. पाश्चात्त्य घरांतली जिप्समची पोकळ भिंत खर्जाच्या लाटेबरोबर थोडी लवते आणि खर्ज पिऊन टाकते. आपली भिंत तो जसाच्या तसा परत पाठवते. परदेशी परीक्षणात 'खर्ज घट्ट आणि नेमका' वाचून आणलेला स्पीकर इथे ढमढमतो, त्याचं कारण स्पीकरात नसतं. ही गोष्ट पारखायला डग्ग्यासारखं साधन नाही. डग्ग्याची मींड शंभर हर्ट्झच्या आसपास वरखाली सरकते. खोली बरी असेल तर ती अखंड ओघळते. वाईट असेल तर ९४ पाशी फुगते, मध्ये गायब होते आणि ११२ पाशी पुन्हा अंगावर येते. वादकाच्या मनगटाने घेतलेली मींड खोली अशी तुकड्यांत कापते, आणि आपण ॲम्प बदलत बसतो.

यावर उपाय आहेत, आणि बहुतेक स्वस्त आहेत. हॉलमध्ये सोफा हमखास भिंतीला टेकलेला असतो, आणि भिंतीशी खर्ज सर्वांत जास्त साचतो. बरोबर मध्यावर बसलात तर उलट होतं, पहिली लाट तिथे नाहीशीच होते. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे बारा फुटांत मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, खुर्ची टाकून सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या फुटाने सरकवून बघा. स्पीकरचा पडदा मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर परत येणारी लाट १४० हर्ट्झला खड्डा पाडते. एकतर त्याला भिंतीच्या अगदी जवळ न्या आणि वाढलेला खर्ज इक्वलायझरने कमी करा, नाहीतर बराच पुढे ओढा. ४८ किलो घनतेचे ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे स्लॅब इन्सुलेशनच्या दुकानात मिळतात. दोन एकावर एक ठेवून, मागे चार इंच पोकळी सोडून, चार बाय दोनच्या लाकडी चौकटीत बसवा आणि सुती कापडाने झाका. हाताळताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, नाहीतर दोन दिवस खाज सुटते. कोपऱ्यांत दोन आणि बाजूच्या भिंतींवर, जिथे आरसा धरला तर बसल्या जागेवरून ट्वीटर दिसतो तिथे, एकेक. ते जमत नसेल तर कापसाची जाड गादी कोपऱ्यात उभी करा. दिसायला हास्यास्पद, कामाला चोख. करू नये ते म्हणजे इंचभर जाडीच्या खाचाखाचांच्या फोमने सगळ्या भिंती मढवणं. तो फोम हजार-दोन हजार हर्ट्झच्या वरचाच आवाज शोषतो. खोलीतली चमक जाते आणि ढमढम तशीच राहते. लोखंडी कपाटाचं दार, शोकेसची काच आणि सरकत्या खिडक्या खर्जावर थरथरतात. कंपनांची कुरकुर स्पीकरच्या माथी मारण्याआधी हाताने दाबून बघा.

मग मोजणं. 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक लागतो. डोक्याच्या आसपास पाच-सहा जागी माइक धरून २० पासून ३०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवून मोजा. सगळ्या जागी दिसणारे उंचवटे इक्वलायझरने कापा. खड्डे भरायच्या भानगडीत पडू नका: ६ डेसिबल भरायला चौपट वॅट लागतात आणि त्या लाटा तरीही एकमेकींना खातच राहतात. आणि ऐकताना पंखा बंद करा. पूर्ण वेगातला छताचा पंखा ४५-५० डेसिबल आवाज सहज करतो. त्याच्याखाली बसून ११० की १२० डेसिबल स्वच्छतेचा डॅक घ्यावा याचा खल करणं हे मोजमापवाल्या तटाचं सोवळं आहे. त्यांचा हा आकडाही आता पीएमपीओच होत चालला आहे.

एक मुद्दा राहतो आणि तो मी खोडणार नाही. देखणं, जड, वीस वर्षं चालणारं, दुरुस्त होणारं यंत्र घरात असण्याचा आनंद असतो. नॉबची मऊ फिरत, लाकडाचा रंग, ऐकायला बसण्याआधीची ती तयारी, यानेही ऐकणं बदलतं. त्यासाठी पैसे मोजायला हरकत काय? पैठणी ऊब देते म्हणून कोणी घेत नाही. फक्त विकणाऱ्याने ती ऊब जास्त देते असं सांगू नये, आणि घेणाऱ्याने न घेणाऱ्याच्या कानाला नावं ठेवू नयेत. ज्या तबकड्यांसाठी एवढा जीव टाकायचा त्यांचीही मर्यादा लक्षात असू द्यावी. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या भोंग्यात गाऊन मुद्रित झाल्या. तीन-चार हजार हर्ट्झच्या वर त्यांत फारसं काही नाहीच, कितीही लाखांचा ट्वीटर लावा. आणि १९७८ मध्ये घरगुती म्हणून आलेला, घरात फारसा न रुजलेला यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-१० हा बेताच्या किमतीचा स्पीकर पुढे जगभरच्या स्टुडिओंत ठाण मांडून बसला. लाखोंच्या यंत्रांवर आपण जी गाणी पारखतो त्यांतल्या असंख्य गाण्यांचं मिश्रण त्याच्यावर ऐकून ठरलं.

एखादं महाग यंत्र खरंच वेगळं वाजतं असं वाटलं तर तपासायला एक मल्टिमीटर, एक स्विच आणि एक मित्र पुरतो. २०० हर्ट्झचा सलग सूर लावा. हजारचा नको, कारण स्वस्त मीटर एवढ्या वर एसी नीट मोजत नाहीत. स्पीकरच्या टोकांना मीटर लावून पहिल्या ॲम्पवर २.०० व्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा, दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आणा. ही जुळणी नजरेने किंवा कानाने करू नका. अर्धा डेसिबल जास्त वाजणारं यंत्र मोठं न वाटता 'चांगलं' वाटतं, आणि दुकानातल्या प्रात्यक्षिकात महाग यंत्राचा नॉब नेमका तेवढाच पुढे असतो. मग मित्राने नाणं उडवून स्विच फिरवायचा, तुम्ही पाठमोरं बसून उत्तर लिहायचं, सोळा वेळा. बारा किंवा जास्त बरोबर आली तर फरक बहुधा खरा आहे आणि पैसे द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. दहा आली तर तेच पैसे आधी खोलीत घाला, आणि महिन्याभराने डग्गा पुन्हा ऐका.